नारू ते नळ

घोट्याजवळ एक फोड यायचा. पायाची आग आग व्हायची आणि पाण्यात पाय बुडवला की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. फोड फुटला की त्यातून एक पांढरा, बारीक, लांबलचक जंत डोकं वर काढायचा. तो ओढून काढायची सोय नव्हती. मध्येच तुटला तर जखम चिघळायची, पाय सुजायचा आणि ऐन कामाच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळायचा. म्हणून गावातली जाणती माणसं जंताचं टोक एका काडीला गुंडाळायची आणि रोज थोडा थोडा पीळ देत तो बाहेर काढायची. पुरा निघायला कित्येक आठवडे जायचे. हा नारू. गावाकडच्या साठी ओलांडलेल्या माणसांना तो अजून आठवतो.

नारू यायचा पिण्याच्या पाण्यातून, आणि तोही बहुतेक करून पायऱ्यांच्या विहिरींतून. फोड आलेला माणूस घागर भरायला पायऱ्या उतरून घोटाभर, गुडघाभर पाण्यात शिरायचा. गार पाणी लागताच जंताची मादी हजारो अळ्या पाण्यात सोडायची. सायक्लॉप्स नावाचा, नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा दिसणारा पाण्यातला जीव त्या अळ्या गिळायचा. ते पाणी कोणी न गाळता प्यालं की अळ्या त्याच्या पोटात जायच्या आणि साधारण वर्षभराने त्याच्या पायावर फोड उठायचा. पाणी प्यालं गेल्या उन्हाळ्यात, आजार आला या उन्हाळ्यात. विहिरीचा आणि फोडाचा संबंध लोकांना पटवून देणं त्यामुळे फार अवघड होतं. कोणी त्याला करणी म्हणायचं, कोणी देवीचा कोप.

भारत सरकारने १९८३-८४मध्ये नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. तेव्हा देशात सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले होते आणि राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, आंध्र प्रदेश, कर्नाटक, तमिळनाडू यांच्याबरोबर महाराष्ट्रही नारूग्रस्त राज्यांच्या यादीत होता. या रोगावर लस नव्हती, गोळी नव्हती, आजही नाही. जे काही करायचं ते पाण्यातच करायचं होतं. आरोग्य कर्मचारी घरोघर जाऊन रुग्ण शोधू लागले. जखमेवर पट्टी बांधून त्या माणसाला विहिरीत उतरू न देण्याची खबरदारी घेतली जाऊ लागली. पायऱ्या बुजवून, कठडा बांधून, रहाट बसवून पायविहिरींच्या साध्या विहिरी केल्या गेल्या. पाण्यात टेमेफॉस टाकून सायक्लॉप्स मारले, बायकांना पाणी गाळायला दाट विणीचं कापड दिलं आणि नारूच्या गावांना हातपंप देताना अग्रक्रम दिला. देशातला नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं.

सरकारी यंत्रणा खेड्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत काय करू शकते, याचा याहून चांगला दाखला शोधून सापडणार नाही. या यशात मोठं धरण नव्हतं की शेकडो कोटींची योजना नव्हती. एकेका विहिरीपाशी जाऊन, ती पुन्हा पुन्हा तपासून केलेलं ते काम होतं. पुढच्या चाळीस वर्षांत पैसा कितीतरी पटींनी वाढला, यंत्रं आली, नळ आले. पण हा चिवटपणा मात्र त्या प्रमाणात वाढला नाही. ग्रामीण पाणीपुरवठ्याची गोष्ट सांगताना हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

गावातलं पाणी कधीच नुसतं पाणी नव्हतं. ते कोणी भरायचं, कोणी वाट बघत उभं राहायचं, हेही ठरलेलं होतं. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला आणि सरकारी खर्चाने चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. खुले झाले ते कागदावर. महाड नगरपालिकेने तसा ठरावही केला होता, तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांना सत्याग्रह करावा लागला. न्यायालयीन लढाई तर १९३७पर्यंत चालली. आज कोणत्याही पाणी योजनेच्या शासन निर्णयात अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना प्राधान्य देण्याचं कलम असतं, त्यामागे हा इतिहास आहे. आणि गावच्या पाइपलाइनचं शेवटचं टोक कुठल्या वस्तीत संपतं, हे आजही पाहण्यासारखं असतं.

स्वातंत्र्यानंतर १९५४मध्ये केंद्राने राष्ट्रीय पाणीपुरवठा व स्वच्छता कार्यक्रम आखला. पाणी हा राज्यांचा विषय, त्यामुळे प्रत्यक्ष काम राज्यांनीच करायचं होतं. महाराष्ट्रात १९६२पासून जिल्हा परिषदा आल्या आणि विहिरी बांधण्याचं काम त्यांच्याकडे गेलं. पण खऱ्या अर्थाने चक्रं हलली ती दुष्काळाने.

१९७२चा दुष्काळ पाहिलेली माणसं एक गोष्ट नेहमी सांगतात : बहात्तरला धान्य नव्हतं, पण जमिनीत पाणी होतं. उघड्या विहिरी आटल्या होत्या, तरी खालच्या खडकाच्या भेगांमध्ये पाणी शिल्लक होतं. प्रश्न तिथवर पोचण्याचा होता. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून अधिक भूमी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. हा खडक पहारीने आणि सुरुंगाने फोडत जायचं म्हटलं तर एका विहिरीला महिने लागतात. हवेच्या दाबावर चालणारी, भोकाच्या तळाशी जाऊन हातोड्यासारखे घाव घालणारी खोदाई यंत्रं युनिसेफने १९६७च्या दुष्काळात भारतात आणली होती. ती दोनशे फूट खडक एक-दोन दिवसांत भेदत. दुष्काळाने त्यांची मागणी एकदम वाढली. केंद्राने १९७२-७३मध्ये वेगवर्धित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रम सुरू केला, आणि राज्यात त्याच सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. बोअर कुठे घ्यायचा, हे ठरवायला नारळ आणि डहाळी घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याबरोबरच आता भूवैज्ञानिकही गावात येऊ लागला.

बोअर झाले. त्यावर बसवलेले हातपंप मात्र टिकेनात. ते ओतीव लोखंडाचे, परदेशातल्या एखाद्या शेतघरासाठी घडवलेल्या पंपांच्या धर्तीचे होते. एका कुटुंबाने दिवसातून दहा-वीस बादल्या भराव्यात, एवढीच त्यांची ताकद. इथे पहाटेपासून रात्रीपर्यंत शंभर घरांच्या घागरी लागत. दांड्याच्या खिळीचं भोक झिजे, दांडा हेलकावे खाऊ लागे, आतली सळई तिरकी होऊन तुटे. सत्तरच्या दशकाच्या मध्याला केलेल्या पाहणीत बसवलेल्या पंपांपैकी तब्बल तीन चतुर्थांश पंप बंद आढळले. पैसे खर्ची पडले, बोअर झाले, आकडे लागले, आणि बायका पुन्हा ओढ्याकाठच्या झऱ्यावर.

उत्तर सापडलं ते सोलापुरात. जालना आणि सोलापूर भागात मिशनरी संस्थांच्या कार्यशाळा दुष्काळी गावांसाठी बोअर घेत आणि पंप दुरुस्त करत. तिथल्या कारागिरांनी मोडलेल्या पंपांवर प्रयोग करत करत एक टिकाऊ पंप घडवला. पंपाचा माथा त्यांनी पोलादी केला. दांड्याला अनेक सांधे होते, त्यांच्या जागी एकच सांधा ठेवला आणि त्यात बंद बेअरिंग बसवलं. सर्वांत कल्पक भाग होता साखळीचा. दांड्याच्या आतल्या टोकाला वर्तुळाच्या तुकड्यासारखी लोखंडी कमान होती. तिच्यावरून सायकलच्या साखळीसारखी साखळी खाली येई आणि तिला पंपाची सळई लटकलेली असे. दांडा कसाही, कितीही जोराने मारला तरी साखळीमुळे सळई नेहमी सरळ रेषेत वरखाली होई. तिरका ताण नाही, म्हणून झीज नाही. युनिसेफ, भारत सरकार आणि सरकारी कंपनी रिचर्डसन अँड क्रुडास यांनी या सोलापुरी पंपाची सुधारलेली आवृत्ती तयार केली, कोइंबतूरजवळ ती प्रत्यक्ष गावांत चालवून पाहिली आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं. हा इंडिया मार्क दोन. काँक्रीटच्या ओट्यात घट्ट रोवलेला, त्यामुळे बाहेरचं घाण पाणी बोअरमध्ये उतरू न देणारा. पुढे तो आफ्रिकेतही गेला आणि जगातल्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांपैकी एक ठरला. महाराष्ट्राच्या शाळांमध्ये हे शिकवलं जायला हवं.

हातपंपाने खेड्यातल्या पाण्याचा हिशेबच बदलला. अडीचशे माणसांमागे एक हातपंप, माणशी रोज ४० लिटर पाणी, आणि सपाट भागात दीड किलोमीटरच्या आसपास पाण्याची सोय, अशी मोजमापं ठरली. झाकलेल्या बोअरमधलं पाणी उघड्या विहिरीपेक्षा जंतूंच्या दृष्टीने कितीतरी सुरक्षित होतं. नारू गेला त्यात या पंपांचाही वाटा आहे.

पण खडकाच्या पोटातून पाणी काढायला लागलो, तसं खडकात जे होतं तेही वर आलं.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत हे प्रकर्षाने दिसलं. तिथल्या खोल बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. हे पाणी दिसायला नितळ, चवीला गोड, वासही नाही. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा. ती ओलांडणारं पाणी लहानपणापासून प्यायलं की आधी दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात. वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिलं की हाडं कडक होतात, सांधे आखडतात, चाळिशीतल्या माणसाला मान वळवणं आणि खाली बसणं जड जातं. झालेलं नुकसान भरून येत नाही. पाणी उकळून उपयोग नाही, कारण उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड तसंच राहतं. उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं.

या प्रश्नावरचा एक भारतीय उपाय नागपुरात तयार झाला. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि आज नीरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची पद्धत सत्तरच्या दशकात विकसित केली. नलगोंडा जिल्ह्यावरून तिला नलगोंडा तंत्र म्हणतात. बादलीतही करता येईल इतकी ती सोपी आहे. तरीही ती घराघरात रुजली नाही. रोज तुरटी मोजायची, ढवळायचं, तासभर थांबायचं, वरचं पाणी काढून घ्यायचं आणि गाळ फेकायचा. शेतावर जाणाऱ्या बाईच्या सकाळीत एवढा वेळ कुठून येणार? १९८६मध्ये केंद्राने पिण्याच्या पाण्याचं तंत्रज्ञान अभियान सुरू केलं, त्यात नारू, फ्लोराइड, खारेपणा आणि लोह यांच्यासाठी स्वतंत्र उपक्रम होते. नारूचा उपक्रम यशस्वी झाला. बाकीचे प्रश्न आजही सुटलेले नाहीत.

खारेपणाचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या या पट्ट्यात वर गाळाची काळी कसदार जमीन आणि खाली शेकडो फुटांपर्यंत खारं पाणी. इथे कितीही बोअर मारले तरी गोडं पाणी मिळत नाही. तेव्हा पाणी बाहेरूनच आणायला हवं. सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदीवरच्या धरणातून अकोट-तेल्हारा भागासाठी ८४ खेडी योजना झाली, काटेपूर्णेतून खांबोऱ्याची ६४ खेडी योजना झाली. या भागात माणूस सहज विचारतो, ‘तुमचं गाव चौऱ्याऐंशीत येतं का?’ अशा प्रादेशिक योजनांनी लोकांच्या तोंडात गोडं पाणी घातलं, यात शंका नाही. पण जितकी पाइपलाइन लांब, तितक्या गळत्या जास्त आणि टोकाचं गाव तितकं वंचित. उन्हाळ्यात टोकाच्या गावांना आठ-पंधरा दिवसांनी एकदा पाणी मिळतं, आणि ज्या दिवशी ते येतं त्या दिवशी घरातली टाकी, पिंप, हंडे, बाटल्या सगळं भरून ठेवलं जातं. पंधरा दिवस साठवलेलं पाणी शुद्ध राहत नाही, ही गोष्ट अहवालात कुठेच येत नाही.

बोअरचं तंत्र सरकारी योजनेपुरतं थांबलं नाही. खोदाईच्या गाड्या शेतकऱ्याच्या दारी आल्या, वीज आली, पाण्यात बुडणाऱ्या मोटरी आल्या. हातपंपाचा बोअर दोनशे फूट आणि शेजारच्या बागेचा बोअर चारशे, पाचशे, पुढे आठशे फूट. पाणी कोणाला मिळणार, हे सांगायला भूवैज्ञानिक लागत नाही. १९९३मध्ये राज्याने कायदा केला : सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येणार नाही. २००९चा व्यापक भूजल कायदा २०१४पासून अमलात आला. कायदे चांगले आहेत. पण विहीर खोदणारा आणि ती थांबवणारा दोघेही एकाच गावचे, एकाच भावकीतले असतात, त्यामुळे प्रत्यक्ष कारवाई क्वचितच होते. आता बहात्तरच्या उलट स्थिती आहे. रेशनच्या दुकानात धान्य मिळतं, आणि जमिनीतलं पाणी मार्चमध्येच संपतं.

मग टंचाई आराखडा निघतो. हा शब्द महाराष्ट्राच्या ग्रामीण प्रशासनात पावसाइतकाच नियमित आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे. विहिरींमधला गाळ काढणं, त्या खोल करणं, खासगी विहिरी अधिग्रहित करणं, नव्या विंधन विहिरी घेणं, नदीच्या वाळूत बुडक्या खोदणं, तात्पुरती पूरक नळ योजना, आणि शेवटी टँकर. २०१९च्या उन्हाळ्यात राज्यात सहा हजारांहून अधिक टँकर धावत होते. टँकर बऱ्याच ठिकाणी गावच्या कोरड्या विहिरीत रिकामा केला जातो. पाइपातून धो धो पाणी पडत असतं आणि त्याच वेळी काठावरून पंधरा-वीस पोहरे खाली सुटलेले असतात. तळाचा गाळ ढवळून वर येतो, पाणी लालसर होतं, आणि तेच घागरीत जातं. एका टँकरच्या फेरीने हंडे भरतात. पाणी सुरक्षित होत नाही.

ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका हे या सगळ्याचं सर्वांत बोचरं उदाहरण. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुंबईला जवळजवळ निम्मं पाणी देणारं भातसा धरण याच तालुक्यात, तानसा तर १८९२पासून इथेच, वैतरणेवरची धरणंही याच डोंगरपट्ट्यात. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांना दरवर्षी उन्हाळ्यात टँकर लागतात. धरणं खाली, पाडे वर. पाणी उचलून चढवायचा खर्च कोणी करायचा, यावर वर्षानुवर्षं निर्णय होत नव्हता. अखेर इगतपुरीजवळच्या उंचावरल्या भावली धरणातून उताराने पाणी आणण्याची योजना मंजूर झाली. मुंबईकरांच्या नळाला येणारं पाणी ज्या आदिवासी पाड्यांच्या डोळ्यांसमोरून जातं, त्यांचा त्या पाण्यावर पहिला हक्क असायला हवा होता. तो शंभर वर्षं उशिरा मान्य होतोय.

योजना बांधायची सरकारने आणि चालवायचीही सरकारने, ही पद्धत नव्वदच्या दशकाअखेर मोडकळीला आली. राज्य सरकारने २७ जुलै २००० रोजी धोरण बदललं : मागणी गावाने करायची, दहा टक्के लोकवर्गणी भरायची, योजना ग्राम पाणीपुरवठा समितीने चालवायची. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जलस्वराज्य आणि जर्मनीच्या मदतीतून आपलं पाणी हे प्रकल्प आले. काही गावांनी जीव ओतून काम केलं. काही ठिकाणी वर्गणी कंत्राटदाराने परस्पर भरली आणि समितीच्या सदस्यांना आपण सदस्य असल्याचंही ठाऊक नव्हतं. विचार बरोबर होता. त्याला लागणारं प्रशिक्षण आणि पाठबळ मात्र कमी पडलं.

१५ ऑगस्ट २०१९ला जलजीवन मिशनची घोषणा झाली. तोवर ग्रामीण भारतातल्या १९ कोटींच्या घरात असलेल्या कुटुंबांपैकी ३ कोटी २३ लाखांकडेच नळ होता. प्रत्येक घरात नळ, माणशी रोज ५५ लिटर, तेही मानकाप्रमाणे शुद्ध आणि नियमित, असं उद्दिष्ट ठरलं. ३ लाख ६० हजार कोटींचा हा कार्यक्रम. पहिल्यांदाच मोजमापाचं एकक गाव किंवा वस्ती न राहता घर झालं. हा बदल मोठा आहे, कारण गावात एक पंप बसवला की गाव ‘व्याप्त’ धरलं जाण्याचे दिवस त्याने संपवले. २०२५पर्यंत १५ कोटींहून अधिक घरांत नळ पोचले. महाराष्ट्रात २०१९ला सुमारे ४८ लाख ग्रामीण घरांत नळ होता, तो आकडा सव्वा कोटीच्या पुढे गेला. गोव्याने ऑक्टोबर २०२०मध्येच सगळ्या ग्रामीण घरांना नळ दिल्याचं जाहीर केलं आणि देशात पहिला मान मिळवला. पुरवठ्याच्या तासांबद्दलच्या तक्रारी मात्र तिथेही ऐकू येतात.

हंड्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईच्या आयुष्यात दारातल्या नळाने काय फरक पडतो, हे वेगळं सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार सर्व घरांत सुरक्षित नळपाणी पोचलं तर देशात पाणी आणण्यात जाणारे रोजचे साडेपाच कोटी तास वाचतील, आणि अतिसाराने होणारे सुमारे चार लाख मृत्यू टळतील. या अंदाजातला ‘सुरक्षित’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. सरकारनेच २०२२मध्ये करवून घेतलेल्या पाहणीत पुरेसं, नियमित आणि शुद्ध या तिन्ही कसोट्यांवर उतरणारे नळ ६२ टक्के घरांतच आढळले. बाकीच्या घरांत यातलं एखादं तरी कमी होतं.

त्यात पैशाची ओढाताण सुरू झाली. २०२४-२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिशनसाठी ७०,१६३ कोटी रुपये धरले होते. सुधारित अंदाजात ते २२,६९४ कोटींवर आले. महाराष्ट्रात कंत्राटदारांची देयकं थकली, अर्ध्यावर आलेल्या टाक्या उघड्या पडल्या, रस्ते खोदून पाइप टाकले आणि त्यांना जोडणी नाही, अशी दृश्यं जिल्ह्याजिल्ह्यात दिसू लागली. फेब्रुवारी २०२५मध्ये मिशनला २०२८पर्यंत मुदतवाढ जाहीर झाली आणि पुढच्या वर्षासाठी ६७,००० कोटींची तरतूद झाली. जिथे योजना पूर्ण आहे तिथेही वेगळीच अडचण. पाणीपट्टी वसूल होत नाही, म्हणून पंपाचं वीजबिल थकतं. बिल थकलं की जोडणी तुटते. पाणी बंद झालं की लोक म्हणतात, पाणीच नाही तर पट्टी कशाची? या चक्रात अडकलेली ग्रामपंचायत शोधायला फार लांब जावं लागत नाही.

आणि सगळं सुरळीत असलं, टाकी भरलेली, वीज चालू, नळाला धार, तरी पाणी पिण्यालायक आहे की नाही हे ठरतं ते एका पांढऱ्या भुकटीवर. ब्लीचिंग पावडर, गावात आणि सरकारी कागदावर दोन्हीकडे तिचं नाव टीसीएल. हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम. ती बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं आणि अर्धा तास थांबून मगच नळ सोडायचे. पोतं उघडं राहिलं, दमट खोलीत पडलं, तर त्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरलेल्या चुन्याने कुठलाच जंतू मरत नाही.

हे काम ज्याच्याकडे असतं त्याला शासन जलसुरक्षक म्हणतं. गाव म्हणतं, पाणी सोडणारा. रोज सकाळी त्याने ओटी चाचणी करायची असते. गावातल्या शेवटच्या नळाचं पाणी काचेच्या छोट्या नळीत घ्यायचं, ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. फिकट पिवळा आला तर क्लोरीन शेवटच्या घरापर्यंत पोचला. रंगपट्टीशी ताडून लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. पाणी पांढरंच राहिलं तर त्या दिवशी गाव निर्धोक नाही. पहिल्या नळाचं पाणी तपासून उपयोग नाही, कारण वाटेतल्या गळतीतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं ते पुढेच. गावाबाहेरच्या वस्तीतलं पोर आजारी पडतं, तेव्हा टाकीजवळच्या नळाचा अहवाल चांगला आलेला असू शकतो. एवढ्या जबाबदारीच्या कामाला मिळणारं मानधन तुटपुंजं असतं, आणि तेही वेळेवर मिळेलच असं नाही. राज्यातल्या लाखो लोकांचं आरोग्य या माणसाच्या हाती आहे. त्याला नीट पगार द्यायला हवा.

तपासणीची चौकट कागदावर चांगली आहे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाणवठ्यांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं आणि ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना चाचणीसंचावर पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. एक बाटली तर इतकी सोपी आहे की शाळेतलं मूलही तपासणी करील : पाणी भरून ठेवायचं, एक-दोन दिवसांत काळं पडलं की त्यात विष्ठेतले जंतू असण्याची शक्यता धरून चालायचं.

दुर्लक्ष झालं की काय होतं, हे पुण्याच्या वेशीवर दिसलं. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हात-पाय लुळे पडायचे, काहींना श्वासासाठी यंत्र लावावं लागलं. काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जाणारा कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला आणि विहिरीच्या पाण्याकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. ही गावं महापालिकेत आलेली होती, उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या, आणि पाण्याची व्यवस्था मात्र खेड्याचीच राहिली होती. शहरांच्या कडेची अशी शेकडो गावं महाराष्ट्रात आहेत.

नव्या काळाचे नवे दोषही तपासावे लागतील. शेतातल्या युरियातून आणि शोषखड्ड्यांतून नायट्रेट भूजलात उतरतं. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एकतृतीयांशाहून अधिक नमुन्यांत ती ओलांडलेली होती. नायट्रेटवर टीसीएल चालत नाही. बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा सर्वांत जास्त धोका असतो.

ज्यांचं गाव आहे, गावात आई-वडील राहतात, त्यांनी पुढच्या ग्रामसभेला जावं आणि तीन कागद मागावेत : ओटी चाचणीची नोंदवही, पाण्याच्या नमुन्याचा शेवटचा प्रयोगशाळा अहवाल आणि गावाच्या कार्डाचा रंग. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला तीस टक्के वाटा पिण्याच्या पाण्यासाठी राखून ठेवला होता. त्याचा खर्च कशावर झाला, हेही विचारावं. आणि ओटी चाचणी कुठल्या नळावर घेतली जाते ते स्वतः जाऊन पाहावं. ती गावाच्या शेवटच्या नळावरच घेतली पाहिजे.